लेण्यातले पाणी आणि गळ्यातला कॅमेरा

आषाढ लागला की आपल्या वस्त्यांतून लेण्यांच्या सहली निघू लागतात. रविवारची पहिली लोकल, बायामाणसे, पोरेटोरे, डब्यात भाकरी आणि सुकट, आणि हल्ली ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. मंडळात लग्नाचे फोटो काढणारा एखादा तरुण असतोच. सगळ्यांनी गळ घातली म्हणून तो बिचारा आपला मोठा कॅमेराही बरोबर घेतो. संध्याकाळी परतताना मात्र तोंडे उतरलेली असतात. कुणाचे सगळे फोटो धुरकट आलेले, कुणाचा फोन बंद पडलेला, कुणाच्या कॅमेऱ्याच्या काचेत आतून पाणी जमलेले. मग प्रश्न येतो, पावसात लेण्यांचे फोटो काढूच नयेत की काय?

काढावेत, अवश्य काढावेत. लेणी आणि पाऊस यांचे नाते जुने आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंचा वर्षावास. त्या दिवसांत गावोगाव न हिंडता एका जागी राहायचे, आणि सह्याद्रीच्या पावसात राहायचे तर निवाराही तसाच भक्कम हवा. लेणे पावसात कसे वागते, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे उन्हाळ्यात गेलेल्याला कळतच नाही. तेव्हा पावसाळ्यात गेलात म्हणून कुणी तुम्हाला वेड्यात काढणार नाही. मात्र तयारीने जा. आपल्या घरात फोन हप्त्यावर घेतलेला असतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोराचा कॅमेरा म्हणजे त्याची पुढची सगळी लग्नसराई. पाणी शिरून बिघडलेली वस्तू बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, हे दुकानदार विकताना सांगत नाही आणि दुरुस्तीला नेल्यावर आवर्जून सांगतो.

या सदरात आपण उदाहरण घेऊ कोंडाणे लेण्याचे. रायगड जिल्ह्यातील कर्जतपासून कोंडिवडे गावापर्यंत जायचे आणि तिथून रानातली चढण चढायची. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याच्या अंगाला हा लेणीसमूह आहे. चैत्यगृह आणि विहार शेजारी शेजारी. इसवी सनापूर्वीचे काम. पावसाळ्यात डोंगरावरून येणारा ओढा थेट लेण्याच्या दर्शनी भागापुढे कोसळतो. पाण्याचा पडदा बाहेर, आणि त्याच्या मागे कोरीव कमानी. हे दृश्य पाहिले की हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो आणि घोटाळा तिथेच होतो.

पण त्या पडद्यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट कोंडाण्याला आहे आणि ती पुष्कळ जण न पाहताच परततात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाच्या डाव्या अंगाला एका भग्न मूर्तीचे मस्तक उरले आहे. त्याच्या जवळ ब्राह्मी लिपीतली एकच ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा, की कण्हाचा अंतेवासी म्हणजे शिष्य बलक याने हे केले. बस्स, एवढेच. राजाचे नाव नाही, पदवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका काम करणाऱ्या माणसाचे नाव आणि त्याच्या गुरूचे नाव. इतकी जुनी कारागिराची सही आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी सापडते. आणि ती ओळ दर्शनी भागात आहे, तीही जिथे दर पावसाळ्यात पाणी कोसळते त्या जागी. दगड टणक खरा, पण पाणी, शेवाळ आणि माणसाचा हात यांच्यापुढे दगडाचेही कायम चालत नाही.

तेव्हा स्वतःचे शंभर फोटो काढा, माझी ना नाही. पण एक फोटो त्या ओळीचा काढा, आणि अक्षर न् अक्षर वाचता येईल असा काढा. त्यासाठी कॅमेरा कोरडा राहिला पाहिजे, काच स्वच्छ राहिली पाहिजे आणि हात स्थिर राहिला पाहिजे. या तीन गोष्टी कशा साधायच्या तेवढेच आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट, पिशवी उघडण्याआधी पाच मिनिटे नुसते उभे राहून पाणी पाहा. लेण्याच्या कपाळावरून जिथे पागोळ्या गळतात त्या रेषेखाली जमीन झिजलेली, ओली, बहुधा शेवाळलेली असते. ती रेषा म्हणजे कॅमेऱ्याची लक्ष्मणरेषा म्हणा हवी तर. त्या रेषेच्या आत दोन हात सरकलात तर निम्मा धोका टळतो. वारा कोणीकडून आहे तेही पाहा. धबधब्याचे तुषार वाऱ्याबरोबर लेण्यात खोलवर येतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. चेहऱ्याला गार लागले की समजावे, काचेलाही लागत आहेत. आतल्या कोठडीत किंवा विहाराच्या मागच्या भिंतीजवळ कोरडी जागा शोधून ठेवावी. लेन्स बदलणे, सेल बदलणे, मेमरी कार्ड काढणे ही कामे तिथेच करायची, उघड्यावर कधीही नाही.

ज्यांनी लेणी कोरली त्यांना पाण्याची ही वाट पक्की ठाऊक होती. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीला जाल तर पाहा. शंभरावर लेणी, आणि लेण्यामागून लेण्याच्या बाजूला कातळात कोरलेले पाण्याचे टाके. शिलालेखात त्याला पोढी म्हटले आहे. पाणी टाक्यात आणण्यासाठी कातळात पन्हळी खोदल्या आहेत. ऐन पावसात त्या पन्हळी वाहताना पाहिल्या की कळते, कुठे बसायचे आणि कुठे नाही. तिथल्या लेखांत कल्याण, सोपारा इथल्या दात्यांची नावे आहेत. कल्याणच्या एका लोहाराने वाटेचे दान दिल्याचाही लेख आहे. यातले कितीतरी लेख ओसरीत किंवा टाक्याच्या वरच्या कातळावर आहेत, म्हणजे ऊन-पाऊस खात उघड्यावर. कोंडाण्याची चढण झेपणार नसेल अशा वडीलधाऱ्यांना घेऊन कान्हेरीला जावे. सोमवारी मात्र तिथे बंद असते.

आता सामानाकडे वळू. बाजारात पाणीबंद पिशव्या आणि कॅमेऱ्याचे रेनकोट मिळतात. चांगले असतात, पण स्वस्त नसतात. आपले काम घरातल्या वस्तूंवर भागते. लोणच्याची रुंद तोंडाची, आट्याच्या झाकणाची प्लॅस्टिकची बरणी घ्या. झाकणात रबराची रिंग असली पाहिजे. बरणीत वर्तमानपत्राचा तुकडा टाका, झाकण घट्ट लावा आणि पाण्याच्या बादलीत अर्धा तास दाबून ठेवा. कागद कोरडा निघाला तर बरणी पास. दोन फोन, सुटे सेल आणि कार्डे तिच्यात बिनधोक राहतात. लोणच्याचा वास जाईपर्यंत धुऊन, उन्हात वाळवून घ्यावी हे सांगायला नको. मोठा कॅमेरा असेल तर तोच प्रयोग मोठ्या डब्यावर करा. डब्याच्या तळाशी जुना टॉवेल अंथरा, म्हणजे हादराही बसत नाही.

बरणी किंवा डबा आहे वाटेतल्या प्रवासासाठी. फोटो काढताना कॅमेऱ्याला अंगरखा लागतो. साडी किंवा चादर ज्या जाड पारदर्शक पिशवीतून येते ती जपून ठेवलेली असेलच. बायका ती टाकत नाहीत, हे या बाबतीत आपले भाग्य. पिशवीच्या बंद बाजूला लेन्सपेक्षा किंचित लहान गोल भोक पाडा. कॅमेरा आत घालून लेन्सचे तोंड भोकातून बाहेर काढा आणि रबरबँडने आवळा. लेन्सचे हूड असेल तर रबरबँड हूडवर यावा. पिशवीची उघडी बाजू खाली, म्हणजे हात खालून आत जातो आणि पाणी वरून घरंगळते. वर फ्लॅश बसवायची जी धातूची खाच असते तिच्यावर चिकटपट्टी लावा, तिथून पाणी आत उतरते. लेन्सवर साधा पारदर्शक फिल्टर असला तर उत्तम. पुसून पुसून ओरखडे पडायचे तर ते फिल्टरवर पडू देत.

आणखी एक बारीक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. झूम करताना जी लेन्स लांब होते आणि आखडते, ती प्रत्येक वेळी हवा आत ओढते, सायकलच्या पंपासारखी. तुषार उडत असताना झूम मागे-पुढे केलात तर ओलसर हवा तुम्ही स्वतःच आत भरता. पाण्याजवळ झूम एका जागी ठरवून ठेवा आणि पायाने पुढे-मागे व्हा. पाय मात्र जपून. ओल्या कातळावर पावसाळी चपलाही घसरतात. कॅमेऱ्याच्या डोळ्यातून पाहत चालणे हा तर वेडेपणा.

फोनवाल्यांसाठी दोन शब्द. "माझा फोन वॉटरप्रूफ आहे" हे वाक्य फार ऐकू येते. खोक्यावर आयपी ६७ लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच, की नवा कोरा फोन प्रयोगशाळेत साध्या, स्थिर पाण्यात १ मीटर खोल ३० मिनिटे टिकला. कोसळणाऱ्या पाण्याच्या माऱ्याची परीक्षा वेगळी असते, ती त्या ७ आकड्यात येत नाही. शिवाय फोन जुना झाला की आतले सील सैल पडते, आणि एकदा का काच बदलून घेतली की पूर्वीचा भरवसा धरूच नये. धबधब्याखाली फोन धरायचा असेल तर गळ्यात अडकवायची पारदर्शक थैली घ्या. आधी थैलीत कागदी रुमाल घालून बादलीत तीच परीक्षा घ्या. फोन थैलीत घालायचा तो घरी, कोरड्या हातांनी. लेण्यापाशी जाऊन दमट हवेत घातलात तर ती दमट हवाच आत कोंडली जाते आणि थैली आतून धुरकटते. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, तेव्हा आवाज कमी-जास्त करायच्या बटणाने फोटो काढावा. बहुतेक फोनांत ती सोय असते. शिलालेखाचा फोटो मात्र थैलीतून काढू नये, अक्षरांची धार जाते. कोरड्या जागी फोन बाहेर काढा, फोटो घ्या, परत आत ठेवा.

आता धुरकट फोटोंचे कारण. ते पावसाचे पाणी नव्हे, दव. थंड ताकाचा तांब्या बाहेर ठेवला की त्याला घाम फुटतो ना, तेच. चष्मेवाल्याने चहाच्या पातेल्यात डोकावले की काच पांढरी होते, तेही तेच. पावसाळ्यात हवेत आधीच पाण्याची वाफ ठासून भरलेली असते. लेण्याचा आतला दगड गार, बाहेरची हवा थोडी उबदार. आत अर्धा तास राहून कॅमेरा गार झाला आणि तसाच बाहेर काढला, की दोन-तीन अंशांच्या फरकानेही काचेवर दव धरते. वातानुकूलित गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढणाऱ्यांचे तर हमखास होते. उपाय सोपा आहे. जागा बदलली की कॅमेरा बंद पिशवीत किंवा डब्यात पंधरा-वीस मिनिटे तसाच राहू द्या. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरते, कॅमेऱ्याला नाही. तेवढ्यात डबे सोडून जेवण उरकून घ्यावे. काच धुरकटलीच तर घासत बसू नका. पुसलीत तर क्षणात पुन्हा धरते. थांबायचे, हाच इलाज.

पुष्कळ जण कॅमेरा रेनकोटच्या आत पोटाशी धरून चालतात. पाऊस लागत नाही हे खरे, पण चढण चढताना रेनकोटच्या आत घामाची वाफ किती होते ते आपल्या सदऱ्याला विचारा. पोटाशी धरायचाच असेल तर आधी पिशवीत घालून.

पुसायला पंचाचा किंवा जुन्या सुती लुगड्याचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा सगळ्यात चांगला. तीन-चार तुकडे न्या आणि ते स्वतंत्र पिशवीत कोरडे ठेवा. एकच फडके दिवसभर वापरले की दुपारनंतर ते फक्त ओल इकडची तिकडे करते. लेन्सची काच पुसण्याआधी तिच्यावरची रेती रबरी फुंकणीने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. पदराने तर मुळीच नको, पदरावर दिवसभराची धूळ असते.

आता त्या ओळीपाशी येऊ. लेण्यात फ्लॅश मारला की दोन गोष्टी घडतात. हवेतले तुषार उजळून फोटोभर पांढरे ठिपके येतात, आणि समोरून पडलेल्या उजेडाने कोरलेली अक्षरे सपाट होऊन दगडात विरून जातात. रंगकाम असलेल्या अजिंठ्यासारख्या ठिकाणी फ्लॅशला बंदीच आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. साध्या कोरीव लेखालाही फ्लॅशचा उपयोग नाही. बॅटरी घ्या, साधी हातबॅटरी चालते. ती लेखाच्या समोर न धरता एका बाजूने, जवळजवळ भिंतीला समांतर धरा. उजेड भिंतीवरून सरपटत गेला पाहिजे. मग अक्षराच्या प्रत्येक खाचेत सावली पडते आणि डोळ्यांना न दिसलेली रेघही उठून येते. एक फोटो डावीकडून उजेड धरून, एक उजवीकडून आणि एक वरून असे तीन घ्या. एकात न दिसलेली मात्रा दुसऱ्यात दिसते. बॅटरी धरायचे काम पोरांना द्यावे. ती ते मन लावून करतात आणि तेवढा वेळ पाण्यापासूनही लांब राहतात.

भिंत ओली असेल तर दगड चकाकतो आणि ती चकाकी अक्षरे खाते. उभे राहण्याची जागा थोडी बदलली की चकाकी सरकते. भिंत पुसायला जाऊ नका. ओल्या दगडावरचा थर मऊ झालेला असतो, फडक्याबरोबर दगडाचे कणही निघतात. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून खडू, हळद, तेल किंवा रांगोळी भरणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांतले काही आपलेच, श्रद्धेने आलेले. बंधूंनो, असे करू नका. खडूचा चुना पाण्याबरोबर खाचेत बसतो. तेलावर धूळ धरते आणि काळा थर चढतो. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात शिक्षा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर ती २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायद्याचे राहू द्या, बॅटरीच्या उजेडाने जे मोफत साधते त्यासाठी खडू हवाच कशाला?

हात स्थिर ठेवण्यासाठी दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवा, पाठ खांबाऐवजी सोबत्याच्या पाठीला लावा आणि श्वास रोखून बटण दाबा. कॅमेरा घडी केलेल्या टॉवेलवर किंवा सामानाच्या पिशवीवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावला तर आणखी चांगले, बटण दाबतानाचा हादरा टळतो. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील लेण्यांत तिपाई लावायला वेगळी परवानगी लागते. पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये, तो नोकरी करतो आहे. पहिला फोटो लांबून घ्या, म्हणजे लेख लेण्यात कुठे आहे ते कळेल. मग जवळचा. शेवटी प्रत्येक चार-पाच अक्षरांचा वेगळा. लेखाशेजारी, भिंतीला न टेकवता, एक पट्टी धरली तर अक्षरांचा आकारही नोंदला जातो.

एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. मेजर रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगातल्या नकला वर्षानुवर्षे खपून केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण त्याच गिलने लेण्यांचे फोटोही काढले होते. १८६४ साली फर्ग्युसनच्या पुस्तकात त्यांतले ७४ फोटो छापले गेले आणि ते राहिले. पुढे १८८१ साली बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचे पुस्तक काढले. आज एखादे अक्षर झिजून गेले असले तर अभ्यासक त्या जुन्या नोंदींकडे वळतात. तेव्हा कॅमेरा साहेबाच्या हातात होता. आता तो धारावीतल्या, घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या पोरापोरींच्या खिशात आहे.

एवढी काळजी घेऊनही पाणी शिरलेच तर? आमच्या ओळखीच्या एका तरुणाचा कॅमेरा पागोळीखाली सापडला. भिजला फार नव्हता. पण त्याने घाबरून लगेच "चालतो का बघू" म्हणून बटण दाबले, मग पुन्हा दाबले, मग तिसऱ्यांदा. पाण्याने कॅमेरा जितका मेला नसता तितका त्या तीन वेळच्या विजेने मेला. आत पाणी असताना वीज खेळली की आतले जोड जळतात. म्हणून भिजल्याबरोबर पहिले काम, कॅमेरा बंद करणे. दुसरे, सेल काढणे. तिसरे, कार्ड काढून कोरड्या बरणीत टाकणे. फोटो कार्डात असतात, आणि कॅमेरा गेला तरी कार्ड बहुधा वाचते. मग सगळी झाकणे उघडी ठेवून बाहेरून टिपून घ्या, झटकू नका. झटकल्याने पाणी अधिक आत जाते. फोनचा सेल निघत नसेल तर तो नुसता बंद करा आणि तोंड खाली करून ठेवा. घरी आल्यावर पंख्याच्या वाऱ्यात किमान एक-दोन दिवस. गॅसच्या शेगडीजवळ, इस्त्रीखाली किंवा केस वाळवायच्या गरम यंत्रापुढे धरू नये, आतले गोंद आणि सील वितळतात. ओला फोन चार्जिंगला लावणे म्हणजे घातच.

तांदळाच्या डब्यात फोन पुरून ठेवण्याचा उपाय घरोघरी चालतो. त्याने फार काही होत नाही, उलट तांदळाची भुकटी भोकांत शिरते. ॲपल कंपनीनेही २०२४ साली तसे करू नका असे आपल्या ग्राहकांना सांगितले. तांदूळ खाण्यासाठी ठेवा. आणि मोठा कॅमेरा घरी स्क्रू काढून उघडू नका. फ्लॅशसाठी आत विजेचा जो साठा असतो तो सेल काढल्यावरही राहतो आणि जबर झटका देतो. ते काम कारागिराचे.

पाणी शिरले नाही तरी घरी आल्यावर दोन कामे राहतात. थकलो म्हणून कॅमेरा तसाच ओलसर पिशवीत ठेवला, की आठवड्या-दोन आठवड्यांत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसू लागते. पावसाळ्यात आपल्या खोल्यांच्या भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर पांढरे चढते, तीच बुरशी. ती लेन्सच्या काचेवरचा लेप खाते आणि मग साफ करूनही डाग राहतो. चामड्याच्या पाकिटात कॅमेरा ठेवणे पावसाळ्यात वाईट, चामडे ओल धरते. कॅमेरा आणि लेन्स पंख्याखाली रात्रभर कोरडे करून त्याच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. बुटाच्या खोक्यातली पुडी बहुधा आधीच ओल पिऊन बसलेली असते, तिचा भरवसा नाही. फोटोच्या सामानाच्या दुकानात सुटे दाणे मिळतात. रंग बदलणारे निळे दाणे ओल प्याले की गुलाबी होतात. मग ते जुन्या पत्र्यावर मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होऊन कामाला येतात. त्या निळ्या रंगात कोबाल्टचा विषारी क्षार असतो, म्हणून स्वयंपाकाचा तवा घेऊ नका, पत्रा परत स्वयंपाकात नको आणि पोरांच्या हाताला लागू देऊ नका. दर पंधरा दिवसांनी डबा उघडून दाणे पाहावेत.

दुसरे काम फोटोंचे. त्याच रात्री फोटो कार्डातून दुसऱ्या ठिकाणी उतरवा. नंतर म्हटले की राहून जाते. स्वतःचे, डब्यांचे, धबधब्याचे फोटो वेगळे करा. शिलालेखाच्या फोटोंसोबत वहीत लिहा, लेणे कोणते, क्रमांक असल्यास किती, लेख कोणत्या भिंतीवर, दारात उभे राहिल्यावर डावीकडे की उजवीकडे, जमिनीपासून किती उंच, तारीख, आणि त्या दिवशी भिंत ओली होती की कोरडी. पुढच्या वर्षी त्याच जागेवरून, त्याच बाजूने बॅटरी धरून पुन्हा फोटो घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. कोंडाण्याला जाल तर निघण्याआधी गावात पाण्याचा अंदाज विचारा. ओढ्याला लोंढे असले किंवा जाण्यावर बंदीचा आदेश निघालेला असला तर परत फिरा. वाटेत ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले तर वर पाऊस वाढला असे समजा, पोरांना घेऊन लगेच उंचावर सरका आणि कॅमेरा पिशवीतच राहू द्या. तो लेख दिवाळीनंतर कोरड्या दिवशी जाऊनही टिपता येतो.